लाइट आली आणि टीव्ही गेला

वळवाचा पाऊस, कडकडाट आणि लाइट गुल. तासाभराने लाइट येते, घरात हुश्श होतं आणि तेवढ्यात टीव्हीच्या मागून जळका वास येतो. खापर फुटतं आकाशातल्या विजेवर. पुष्कळदा खरा दोष असतो डीपीपासून इमारतीपर्यंत आलेल्या, सैल झालेल्या किंवा तुटलेल्या न्यूट्रलचा.

घरात येणारे 230 व्होल्ट हे एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातले. दोन फेजमध्ये मात्र 400 असतात. इमारतीत तिन्ही फेज घराघरांत वाटलेले असतात. सामाईक न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं त्या 400 व्होल्टमध्ये एकापुढे एक अडकतात. गीझर चालू असलेल्या घरात दिवे मिणमिणतात, तर नुसता टीव्ही आणि राउटर चालू असलेल्या घरात दाब साडेतीनशेवर जाऊ शकतो. 350 व्होल्टचं शिखर सुमारे 495 व्होल्टचं. टीव्ही-कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर बहुधा 400 ते 450 व्होल्टचा, मग तो फुगतो नाहीतर फुटतो. शेजारी डिम आणि आपल्याकडे दिवे भलतेच लख्ख दिसले, तर आधी मेन स्विच बंद करावा, वायरमनला फोन नंतर. एमसीबी पडेल या भरवशावर राहू नये. तो जास्त करंट ओळखतो, जास्त व्होल्टेज नाही.

मग स्पाइक गार्ड कशासाठी? त्यात झिंक ऑक्साइडची, नाण्याएवढी चकती असते. एरवी ती गप्प. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे उसळला की क्षणार्धात वाहती होते आणि जादा ऊर्जा स्वतःवर घेते. वीज जवळपास पडल्यावर तारांतून येणारा मायक्रोसेकंदांचा तडाखा ती झेलते. न्यूट्रल गेल्यावर मिनिटामिनिटांचा जादा दाब आला, तर मात्र तीच तापून जळते. शिवाय प्रत्येक तडाख्याने ती झिजते. गंमत अशी, की चकती मेली तरी बोर्डाची सॉकेटं चालूच राहतात आणि मालक निर्धास्त असतो.

म्हणून महागडा बोर्ड घेण्याआधी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवणं शहाणपणाचं. दाब वाढला की तो घराचा पुरवठाच तोडतो. विजेच्या तडाख्यासाठी तिथेच सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि त्याला चांगलं अर्थिंग हवंच. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायची जुनी सवय उगाच नव्हती, कोरड्या मातीत वीज नीट जिरत नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसला, तर त्या उपकरणापुरतं हे अर्थिंग फुकट.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर जवळपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. तो आला की स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढावा लागतो. गच्चीवरच्या डिशची केबलही सेट-टॉप बॉक्समधून काढावी. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो.