कुळथाला कळतो रक्तगट

कुळीथ वाटून मिठाच्या पाण्यात त्याचा अर्क काढायचा, तो बेताने पातळ करायचा आणि रक्ताच्या थेंबात मिसळायचा. ए गटातल्या बहुतेकांच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, नुसत्या डोळ्यांना दिसतील असे कण होतात. बी आणि ओ गटाचं रक्त मात्र ढिम्म. ए गटातही ए-१, ए-२ असे पोटभेद आहेत, आणि कुळीथ त्यांतला नेमका ए-१ धरतो! जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये कुळथाचा हा गुण मांडला. ए-१ ओळखायला रक्तपेढ्या आजही कुळथाच्या अर्कातलं हे प्रथिन वापरतात. आपण ज्याचं पिठलं आणि शेंगोळे करतो, तेच हे कडधान्य.

अशा साखर पकडणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. रक्तगट तरी काय, पेशीवरच्या साखरेच्या साखळीचं टोकच. ए गटात त्या टोकाला एक साखर, बी गटात दुसरी, ओ गटात दोन्ही नाहीत.

यावर अमेरिकी निसर्गोपचारक पीटर डी’अडॅमो यांनी १९९६ च्या पुस्तकात भलामोठा इमला चढवला. ओ हा सर्वांत जुना, शिकाऱ्यांचा गट, त्याने मांस खावं. ए शेतकऱ्यांचा, त्याने शाकाहार करावा. बी भटक्या पशुपालकांचा, त्याला दूधदुभतं मानवतं. चुकीचं खाल्लं तर लेक्टिनं पेशी चिकटवणार.

कथा झकास आहे, पण पाया भुसभुशीत. ए आणि बी यांचा भेद गिबन या कपींतही सापडतो. तो किमान २ कोटी वर्षं जुना असावा. शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. ओ गट बहुधा ए च्या जनुकातलं एक अक्षर गळाल्याने होतो, म्हणजे आद्य शिकारी वगैरे काही नाही. लेक्टिनांचं म्हणाल, तर बरीचशी रक्तगट बघतच नाहीत. राजम्याचं लेक्टिन सगळ्यांच्याच पेशी चिकटवतं, कच्चा राजमा कुणालाही उलट्या करायला लावतो, आणि तोच खळखळून उकळला की निरुपद्रवी होतो. काचपट्टीवर जे घडतं ते शिजवलेलं पिठलं खाऊन नसांत घडत नाही.

टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ साली १,४५५ जणांचा आहार तपासला. ए गटासाठी सांगितलेला भाजीपाल्याचा आहार घेणाऱ्यांचं वजन आणि रक्तदाब कमी होते, पण ते कोणत्याही गटाचे असले तरी! गुण आहाराचा, श्रेय रक्तगटाला.

मग या साखरांना काही अर्थच नाही? आहे, आणि तो जास्त थरारक आहे. बहुतेकांच्या लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावरही त्या असतात, आणि तिथे त्यांची गाठ जंतूंशी पडते. मलेरियाने ग्रासलेल्या पेशी ए आणि बी च्या साखरांना चिकटून बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. ओ गटात ही पकड सैल असते, म्हणून त्यांना जीवघेणा मलेरिया कमी होतो. पटकीत नेमकं उलट: तिचा सर्वांत जोरदार तडाखा ओ गटाला बसतो. गंगेच्या मुखाशी, बंगालच्या खोऱ्यात ओ गटाचं प्रमाण कमी आहे. त्यामागे शतकानुशतकांची पटकी असावी, असा काही अभ्यासकांचा कयास आहे.