कचेरी बंद असतानाची अटक आणि कायद्याची मदत

शासकीय कचेऱ्यांचे कामकाज सायंकाळी संपते. पोलीस ठाण्याचे कामकाज मात्र अहोरात्र चालू असते. त्यामुळे एखाद्या इसमास रात्री अथवा सुटीच्या दिवशी अटक झाली, की त्याच्या घरची माणसे हवालदिल होतात. न्यायालय बंद, वकिलाचे कार्यालय बंद. तेव्हा ‘सोमवारी सकाळी पाहू’ असे म्हणून ती स्वस्थ बसतात. हा समज चुकीचा असून तो फार महाग पडतो. चौकशी, झडती, पंचनामा, सह्या यांसारख्या खटल्यावर दूरवर परिणाम करणाऱ्या कित्येक गोष्टी या पहिल्याच रात्री घडून जातात. म्हणूनच कायद्याने या काळासाठी कोणते संरक्षण दिले आहे, हे प्रत्येक नागरिकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

चोवीस तासांची गणना

संविधानाच्या अनुच्छेद २२ अन्वये अटक झालेल्या इसमास २४ तासांच्या आत नजीकच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. प्रवासास लागणारा आवश्यक तेवढाच वेळ यातून वगळला जातो. रात्र, रविवार किंवा सणाची सुटी वगळली जात नाही. समजा, सत्तरी तालुक्यातील एका शेतमजुरास शनिवारी रात्री ९ वाजता अटक झाली. त्यास रविवारी रात्री ९ च्या सुमारास न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केलेच पाहिजे. अशा कामासाठी सुटीच्या दिवशीही न्यायदंडाधिकाऱ्यांची नेमणूक असते व प्रसंगी आरोपीस त्यांच्या निवासस्थानीही हजर केले जाते. कोठडी द्यावी की नाही, हा निर्णय तेथेच होतो. सोमवारची वाट पाहणाऱ्या घरच्यांचा वकील त्या वेळी तेथे नसतो, ही खरी हानी होय. (प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यांखालील अटकेस मात्र वेगळे नियम लागू होतात.)

अटकेच्या वेळचे हक्क

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली आहे. तिच्यातील पुढील तरतुदी रात्रीच्या अटकेसही तितक्याच लागू आहेत.

(१) अटकेचे टिपण जागच्या जागी तयार करून त्यावर घरातील व्यक्तीची किंवा स्थानिक प्रतिष्ठित इसमाची साक्ष घेतली पाहिजे. अटक झालेल्या इसमाचीही त्यावर सही असते. ती त्याने मजकूर वाचून किंवा वाचून घेऊनच करावी. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तर सही घेताच येत नाही.

(२) अटकेची कारणे सांगितली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असा निर्णय दिला आहे, की कोणत्याही गुन्ह्यातील अटकेची कारणे लेखी व त्या इसमास समजेल अशा भाषेत द्यावयास हवीत. ती लगेच देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. ज्या प्रदेशात ठाण्याची भाषा एक आणि घरातील भाषा दुसरी, तेथील मराठी भाषकांस या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे.

(३) अटकेची व ठेवलेल्या जागेची माहिती नातेवाइकास किंवा मित्रास तात्काळ दिली पाहिजे.

(४) गुन्हा जामीनपात्र असल्यास ठाण्यातच जामीन मिळू शकतो. त्यासाठी न्यायालय उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

(५) अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. अंगावर मारहाणीच्या खुणा असल्यास त्यांची नोंद केली जाते व अहवालाची प्रत मागता येते.

(६) सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत स्त्री पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच ती करावयाची असते.

वकील कोण देणार?

आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानानेच दिलेला आहे. चौकशी चालू असताना वकिलास भेटता येते. मात्र संपूर्ण चौकशीभर त्यास शेजारी बसवून घेता येत नाही. पदरी पैसा नसेल तर काय, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीस विनामूल्य वकील मिळतो; त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी आलेल्या एका पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली जो निर्णय दिला, त्यात अटक होताच नजीकच्या विधी साहाय्य समितीस कळविण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले होते. अटक झालेल्यांचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावीत व कळेल त्या भाषेत वाचून दाखवावीत, असेही त्यात सांगितले होते. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने चौकशीस बोलावल्यापासून ते पहिल्या हजेरीपर्यंत वकिलाची मदत पोहोचावी यासाठी कार्यपद्धती आखून दिली. तीनुसार वकिलांच्या पाळ्या लावल्या जातात.

घरच्यांनी काय करावे?

प्रथम ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराकडून अटकेची वेळ, गुन्ह्याचा क्रमांक व कलमे लिहून घ्यावीत. अटकेची वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण चोवीस तासांची गणना तिच्यावर अवलंबून असते. अटक केलेल्यांची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमलेला असावा, अशी संहितेत तरतूद आहे. त्याची भेट मागावी. त्यानंतर १५१०० या राष्ट्रीय विधी साहाय्य क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलाची मागणी करावी. रात्री वकील न मिळाल्यास, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहताच ‘मला वकील नाही, तो मिळावा’ असे आरोपीने स्वतः सांगावे. या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचेही कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केले आहे. मारहाण झाली असल्यास तेही निर्भयपणे सांगावे.

शिक्षक, तलाठी व पंचायत सदस्य यांची दारे अशा रात्री प्रथम ठोठावली जातात. अटक योग्य की अयोग्य, हे ठरविणे त्यांचे काम नव्हे. परंतु अक्षरओळख नसलेल्या कुटुंबास टिपण वाचून दाखविणे, वेळ लिहून ठेवणे आणि दूरध्वनी लावून देणे एवढे त्यांस निश्चित करता येईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे व तालुका विधी सेवा समितीचे दूरध्वनी क्रमांक शाळा, पंचायत कचेरी व चावडी येथील फलकांवर ठळक अक्षरांत आजच लिहून ठेवावेत. कचेरीला कुलूप लागल्यावरही तो फलक वाचता यावा, अशा जागी तो असावा.