मार्सेलिसची उडी आणि तळटिपा

६ जानेवारी १९२४ रोजी विनायक दामोदर सावरकर येरवड्याच्या तुरुंगातून सुटले. अटी दोन: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही. लंडनच्या ग्रेज इनमध्ये ते कायदा शिकले होते, परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. सनद मात्र नाकारली गेली. वकिली त्यांच्या वाट्याला आली नाही, पण आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या एका निवाड्याला त्यांचे नाव कायमचे चिकटले.

८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकरांना कैदी म्हणून भारतात नेणारी ‘मोरिया’ बोट मार्सेलिस बंदरात होती. शौचकूपाच्या गोल खिडकीतून त्यांनी पाण्यात उडी घेतली, धक्का गाठला आणि ते धावत सुटले. बोट ब्रिटिश, बंदर फ्रेंच. पुढे ही गोष्ट सांगताना इंग्रजांनीच त्यांना परक्या भूमीवर पकडल्याचे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले ते फ्रेंच शिपायाने, आणि सगळा कायदेशीर पेच या एका तपशिलावर उभा आहे.

ब्रिटन आणि फ्रान्समधला हा वाद सोडवायला हेगच्या लवादात पाच जण बसले; त्यांपैकी बेर्नार्ट आणि रेनो हे शांततेच्या नोबेलचे मानकरी. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा थोडक्यात असा: कैदी सोपवण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनने बळ किंवा कपट वापरले नाही, म्हणून कैद्याला परत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. तोवर सावरकरांना दोन जन्मठेपा ठोठावून झाल्या होत्या. लवादापुढे पक्षकार दोनच, ब्रिटन आणि फ्रान्स. ज्याच्याबद्दल वाद होता, त्याला तिथे जागा नव्हती.

निवाडा त्याच वर्षी ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’मध्ये छापून आला. ते प्रस्थापित अभ्यासकांचे नियतकालिक. हार्वर्डचे विद्यार्थी मात्र १८८७ पासून स्वतःचे ‘लॉ रिव्ह्यू’ चालवत होते. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट ॲडव्होकेट’ काढले ते थेट १९८८ मध्ये. त्याचेच पुढे ‘नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू’ झाले.

अशा नियतकालिकाचा खरा कस तळटिपांत लागतो. लेखकाचे प्रत्येक विधान विशीतला संपादक मूळ कागदाशी ताडून पाहतो. त्याच्यासमोर सावरकर प्रकरणावरचा लेख आला, तर ‘कोणी पकडले?’ हा प्रश्न पहिल्याच वाचनात पडायला हवा.

बोटी आणि बंदरांचे कायदेशीर पेच पुढे भारतातही उभे राहिले. सागरी कायद्याला इथे खरी चालना दिली ती ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्याने. मुरगाव बंदरातून माल घेऊन निघालेल्या या परदेशी जहाजावर गोव्यातल्या कंपनीने दावा लावला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा सागरी दाव्यांवरचा अधिकार जुन्या ब्रिटिश कायद्यांच्या चौकटीतून मोकळा केला. संसदेचा स्वतःचा कायदा मात्र २०१७ चा.

मग आले ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजाचे प्रकरण. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे त्यावरच्या इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन मच्छीमार मेले. प्रकरण पुन्हा हेगच्याच स्थायी लवाद न्यायालयात गेले. २०२० मध्ये पाच सदस्यांच्या लवादाने तीन विरुद्ध दोन मतांनी नौसैनिकांना भारतीय खटल्यापासून संरक्षण दिले, पण भारताला भरपाईचा हक्कही मान्य केला. पक्षकार याही वेळी दोन राष्ट्रेच. मच्छीमारांच्या कुटुंबांचे म्हणणे ऐकले गेले ते दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. १० कोटी रुपयांची भरपाई जमा झाल्यावर, जून २०२१ मध्ये, तिथली फाइल बंद झाली.