सावकाश उलगडणारी रहस्ये

धावायचे नाही, घड्याळाशी झुंजायचे नाही. पडद्यावर एक चित्र, त्याखाली दोन-तीन ओळी. त्या वाचायच्या, मनात घोळवायच्या आणि मग बटण दाबायचे. व्हिज्युअल नॉव्हेल हा गेमचा प्रकार मुख्यतः एवढ्यावर चालतो, आणि रहस्यकथेला तो फार मानवतो.

1983 साली जपानमध्ये युजी होरी यांनी ‘पोर्टोपिया’ हा गेम आणला. कोबे शहरात कर्जाऊ पैसे देणाऱ्या एका धनिकाचा मृत्यू होतो आणि खेळणारा यासू नावाच्या सहायकाला हुकूम देत तपास करतो. पाच वर्षांनी हिदेओ कोजिमा यांच्या ‘स्नॅचर’ने हाच तपास भविष्यात नेला. माणसाला मारून त्याचेच रूप घेणारे यंत्रमानव, आणि त्यांच्या मागावर स्मृती हरवलेला गिलियन सीड! तंत्रज्ञान अफाट पुढे गेलेले, माणसांचे जगणे मात्र हलाखीचे आणि सत्ता बड्या कंपन्यांच्या हाती, अशा जगाला सायबरपंक म्हणतात, आणि ‘स्नॅचर’ त्याच जातकुळीचा.

‘स्नॅचर’मध्ये गोळीबाराचे प्रसंग आहेत, पण थोडेच. खरी गोडी खोली धुंडाळण्यात. पाहा, तपासा, विचारा, असे पर्याय समोर येतात. एकदा पाहून काहीच न सापडलेल्या जागी पुन्हा पाहिले की कधी नवा धागा हाती लागतो. संशयिताचे नाव तर स्वतः टाइप करून संगणकाला विचारावे लागते. म्हणजे ते आधी ध्यानात राहायला हवे. वेग कमी आहे तो यासाठी. खेळणाऱ्याला विचार करायला उसंत मिळते, आणि संशय त्याचा स्वतःचा असतो.

2016 मध्ये व्हेनेझुएलातल्या दोघा तरुणांच्या ‘वालहाला’ या गेमने आणखी धीर दाखवला. त्यात नायिका जिल बारमध्ये पेये बनवते. संवादाचे पर्यायच नाहीत. गिऱ्हाइकापुढे कोणता ग्लास ठेवला, त्यावर गप्पांचा ओघ बदलतो. दंगली, कंपनीचे खासगी पोलीस, टंचाई हे सारे त्या गप्पांतूनच कळते. टंचाई त्या तरुणांनी आपल्या देशात पाहिलेली होती, म्हणूनच गेममधले शहर खरे वाटते.

बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. मराठीत तो अजून रुजलेला नाही, ही मात्र खरी उणीव आहे. कथाबीजे तर इथेच आहेत; महाड-पोलादपूरकडेच पाहा. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. महाडला चवदार तळे आहे, जिथे 1927 मध्ये पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. रसायनांचे कारखाने असलेली एमआयडीसी आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या पुरात सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, 2021 च्या जुलैत शहरात पाणी शिरले. पाणी कुणाचे, नदीत काय मिसळते, नोंदी कोण ठेवतो: शंभर वर्षांनंतरच्या महाडमधल्या तपासाला हे प्रश्न पुरेसे आहेत. त्यासाठी टोकियोचा निऑन उसना आणायला नको.

साधनही हाताशी आहे. ‘रेनपाय’ हे व्हिज्युअल नॉव्हेल रचण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, साध्या संगणकावर चालते आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरेही नीट उमटतात. महाड-पोलादपूरच्या कॉलेजांत कथा लिहिणारी, चित्रे काढणारी मुले असतील, त्यांनी पावसाळ्यात एकत्र बसून एका खोलीचा, एका संशयिताचा छोटा गेम मराठीत करून पाहावा.