चोरून खाल्लेलं सांगायचं कुणाला?

वजन कमी कसं करावं हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय. गोड सोडा, तळण सोडा, चालायला जा. ज्ञान घरोघरी आहे. गाडं अडतं ते रात्री साडेदहाला, चकल्यांच्या डब्यापाशी.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच या गृहिणीचंही तिथंच अडलं होतं. १९६१ साली तिचं वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होतं. शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यातून तिला आहार आखून मिळाला. पण ही बाई रात्री चोरून बिस्किटं खायची, आणि दवाखान्यात ते कबूल करायची काही तिची छाती होईना. शेवटी तिनं आपल्यासारख्याच सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि मन मोकळं केलं. हसणं दूरच, त्यांनीही आपापली गुपितं सांगितली! दर आठवड्याला बैठक भरू लागली. वर्षभरात जीनबाई ७२ पौंडांनी उतरल्या. १९६३ मध्ये त्यातूनच 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली.

पुढे अमेरिकेत ४२३ जणांवर या बैठकींची दोन वर्षं चाचणी झाली. २००३ साली निष्कर्ष आले: बैठकींना जाणाऱ्यांचं वजन सरासरी २.९ किलोंनी घटलं, स्वतःच्या बळावर झटणाऱ्यांचं जेमतेम ०.२ किलोंनी. तीन किलो म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण एकट्यानं झुंजणाऱ्यांच्या हाती काय लागलं, तेही बघा.

आता अशी बैठक मोबाइलवरही भरते. माझ्या नणंदेचा अकरा जणींचा गट आहे. कुणी डोंबिवलीची, कुणी दुबईची. बहुतेकींनी एकमेकींना पाहिलेलंही नाही, आणि मला वाटतं, खरं बोलणं जमतं ते त्यामुळेच. घरात एक तर 'एका लाडवानं काय होतंय गं?' असा आग्रह, नाहीतर टोमणे. इथं 'आज दोन लाडू खाल्ले' एवढं लिहिलं, तरी जीव हलका होतो.

रोज वजनाचे आकडे टाकायची चढाओढ मात्र मला पसंत नाही. ज्यांचा काटा वर गेला, त्या गप्प होतात, हळूच गळतात. शिवाय कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून मधुमेहाच्या गोळ्या किंवा जेवणाच्या वेळा बदलणं धोक्याचं. ते डॉक्टरांनाच विचारावं. नणंदेच्या गटानं आकडे बंद केलेत. त्याऐवजी, जी दोन दिवस काही लिहीत नाही, तिला तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करते. वजनाचं विचारायचं नाही, जेवलीस का एवढंच विचारायचं.