प्लॅस्टर चढण्यापूर्वी

बेलपाड्याच्या गल्लीत कुठे घरावर मजला चढत असला की मी सळईकाम बघायला थांबतो. फिटर फळीवरच्या खुंट्यांत 8 मिलिमीटरची सळई अडकवतो, चावीने चार हिसके देतो आणि कॉलमची रिंग तयार होते. उरतात तिची दोन टोकं. ती नुसती काटकोनात वळवली तर काम भराभर उरकतं. पण भूकंपात कॉलमचं बाहेरचं काँक्रीट आधी गळून पडतं, मग ही टोकं उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तीच टोकं 135 अंशांत कॉलमच्या पोटात वळवून पुढे किमान 65 मिलिमीटर ठेवली, तर रिंग सळयांना धरून ठेवते. काँक्रीट ओतल्यावर मात्र टोक कसं वळवलंय ते कोणालाच दिसत नाही.

घराचं ठीक, मालक दिवसभर समोर उभा असतो. शाळेला असा मालक कोण?

2005 साली काश्मीरच्या भूकंपाची वेळ सकाळी नऊच्या आसपासची, भरल्या शाळांची. पाकिस्तानच्या बाजूला शाळांखाली सुमारे 17 हजार मुलं गेली. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी धरणी हलली ती पहाटे चारच्या सुमारास. तिथे घरांनीच माणसं मारली. भिंती जाडजूड, पण दोन पदरी: बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मधे माती. हादऱ्याने पदर सुटले. पुढे, न पडलेल्या घरांची मजबुती करताना भिंतीतले दगड काढून आरपार भोकं पाडली, त्यांत आकड्याची सळई घालून काँक्रीट भरलं. दोन्ही पदर असे एकमेकांना जखडले. हे काम गावोगाव समजावलं ते 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेने उभ्या केलेल्या संवाद सहाय्यक बायकांनी. 2001 च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी कच्छलाही गेल्या. त्या इंजिनीअर नव्हत्या, पण भोक आरपार गेलंय की नुसतं वरवर कोरलंय, हे त्यांना बघून कळायचं.

लोकसहभाग म्हणजे श्रमदान आणि भूमिपूजनाची वर्गणी, ही समजूत मला घातक वाटते. माती वाहायला मजूर मिळतात. कमी पडतात ते रोज बघणारे डोळे. माल सैल व्हावा म्हणून त्यात जादा पाणी ओतलं जातं, स्लॅबवर आठवडाभर पाणी मारायचं ते दोन दिवसांत थांबतं. साहेबांच्या एका फेरीत यातलं काय सापडणार? शाळेशेजारी राहणाऱ्या आईला मात्र ते दारातून दिसतं.

तिला अधिकारही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. मग बांधकामाचा नकाशा तिच्या बैठकीत का येऊ नये?

2016 च्या भारतीय मानकानुसार आमचं पनवेल भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं. तुमच्या गावात शाळेची खोली बांधायला घेतली असेल, तर काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी तिथे जा. प्रत्येक कॉलमच्या रिंगेचं टोक बघा, फोटो काढा, आणि ते काटकोनात दिसलं तर काम थांबवायला सांगा.