कोपीत पाणी कुठून येतं?

बायांनो, दिवाळीनंतर चाळीसगाव-साक्रीकडच्या कितीतरी जणी ऊसतोडीला जातात. मग चार-पाच महिने घर म्हणजे कोपी. थंडीत पहाटे ताडपत्रीतून थेंब टपकतात, गोधड्या ओलसर होतात. दव झिरपलं असं वाटतं. पण ती आपल्याच श्वासाची अन् चुलीवरच्या पाण्याची वाफ असते, गार ताडपत्रीला लागून पाणी झालेली.

म्हणून आम्ही गटात सांगतो, सगळ्या फटी बुजवू नका. वरती वीतभर जागा मोकळी ठेवा. ताडपत्रीच्या आतून पाचटाचा थर द्या, चुलीकडची बाजू सोडून. ओले कपडे बाहेरच वाळवा, पिठाचा डबा विटांवर ठेवा.

अन् उबेसाठी निखाऱ्यांची पाटी आत घेऊन झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो. बंद कोपीत माणूस झोपेतच दगावतो. त्यापेक्षा गोधड्यांना दुपारचं ऊन दाखवा, रात्री त्याच ऊब देतात.